‘टेक पार्ट’, ‘पुल आउट’, ‘ड्रॉप आउट’: अरबीत हे शेपूट जातं कुठे?

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या धोपावे बाजूला मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. पलीकडच्या मुलांना फेरीबोट गाठायची असते, म्हणून वर्ग वेळेवर सोडावाच लागतो. यंदा अकरा जण आहेत आणि त्यांतले सात आखातात जायच्या तयारीत आहेत. कुणी हॉटेलात, कुणी दवाखान्यात, एकजण क्रीडासंकुलात देखरेखीच्या कामावर.

गेल्या आठवड्यात भाग घेणे आणि स्पर्धा करणे यांसाठी इंग्रजीत जी जोडक्रियापदं आहेत ती घेतली: टेक पार्ट इन, जॉइन इन, साइन अप, गो इन फॉर, कम अप अगेन्स्ट, कीप अप विथ, पुल आउट, ड्रॉप आउट, गिव्ह इन. चार-पाच मुलं मकतबात, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या शाळेत शिकलेली, अरबी अक्षरं घडाघडा वाचणारी. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, यांना अरबीत काय म्हणतात?’ मी म्हटलं, घरून लिहून आणा.

आणलं ते असं. ‘ड्रॉप आउट’ला ‘सकत खारिज’, म्हणजे पडला बाहेर. ‘गो इन फॉर’ला ‘ज़हब फी लि’, म्हणजे गेला आत साठी. प्रत्येक शब्द खरा आहे, कोशात सापडतो, पण एकत्र केल्यावर त्यातून अर्थ निघत नाही. मुलांनी मेहनत घेतली होती, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटलं. त्यांना नुसतं ‘चूक’ म्हणून परत पाठवायचं नाही. इंग्रजी क्रियापदामागचं ते इन, आउट, अप, अगेन्स्टचं शेपूट अरबीत नेमकं कुठे जातं, हे मला त्यांना दाखवायचं आहे.

मी स्वतः तीन वर्षं अरबी शिकते आहे. मला मिळालेले शब्द देते, जाणकारांनी तपासावेत. शेवटचा ऱ्हस्व ‘अ’ बोलताना गळतो, म्हणून लिहिलेला नाही. मागची अव्ययं अशी: फी म्हणजे मध्ये, इला म्हणजे कडे, मिन म्हणजे पासून, लि म्हणजे साठी.

भाग घेणे: शारक फी. संघाला, पक्षाला जाऊन मिळणे: इन्डम्म इला. नाव नोंदवणे: सज्जल फी. स्पर्धा करणे: नाफस, तनाफस. माघार घेणे: इन्सहब मिन. शरण जाणे: इस्तस्लम लि. जिंकणे: फाज़.

यात काही नियम आहे का, की सगळं पाठच करायचं?

हर्णैचा | सोमवार, रात्री १०.२५

ताई, धागा काढलात ते फार चांगलं केलंत. माझी सव्वीस वर्षं आखातात गेली, आधी कुवेत, मग मस्कत. आता हर्णैला घरी असतो.

तुमच्या यादीतला ‘इन्सहब’ मी पहिल्यांदा बँकेच्या यंत्रासमोर शिकलो. पडद्यावर ‘सहब’ लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे काढणे. मूळ अर्थ ओढणे. त्याच्या आधी ‘इन्’ लागला की स्वतःला ओढून घेणे, म्हणजे माघार. आपण ‘अंग काढून घेतलं’ म्हणतो ना, थेट तेच. ढगालाही अरबीत ‘सहाब’ म्हणतात. एका सुदानी सोबत्याने मला सांगितलं होतं की वारा त्यांना ओढत नेतो म्हणून ते सहाब. मला ते अजून विसरता येत नाही.

दुसरं, ‘शारक’ आणि ‘इश्तरक’ यांत मुलांचा गोंधळ होईल. दोन्हींचा अर्थ भाग घेणे होतो. पण ‘इश्तिराक’ म्हणजे वर्गणी. फोनचा महिन्याचा आकार इश्तिराक, व्यायामशाळेची फी इश्तिराक. नुसतं खेळायला उतरायचं असेल तर शारक म्हणणं बरं.

आणि एक शब्द तुम्ही दिलेला नाही, पण आपल्या मुलांना तो सगळ्यात आधी लागणार: मुकाबला. मी नवीन असताना कचेरीतून निरोप आला, ‘उद्या सकाळी तुझा मुकाबला आहे.’ रात्रभर झोपलो नाही. वाटलं, कुणाशी तरी भांडण लावून दिलंय. सकाळी गेलो तर समोर साहेब, टेबलावर माझे कागद. तिकडे मुकाबला म्हणजे नोकरीची मुलाखत. मुलांना हे विमानात बसण्याआधी सांगा.

मीमनून | मंगळवार, सकाळी ८.१०

मी अरबी घेऊन एम. ए. करते, घर श्रीवर्धनला. ताई, नियम आहे, आणि तुमच्या विषयात तो इतका स्वच्छ दिसतो की मी सकाळी बसमध्ये बसून हे लिहिते आहे.

अरबीत तीन मूळ अक्षरं घेऊन ती वेगवेगळ्या साच्यांत ओततात. साच्याला ‘वज़न’ म्हणतात. एक साचा ‘फाअल’, म्हणजे पहिल्या अक्षरानंतर लांब ‘आ’. आता हे बघा: शारक भाग घेतला, नाफस स्पर्धा केली, साबक शर्यत लावली, वाजह सामोरा गेला, जारा बरोबरीने धावला, वाकब सोबत चालत राहिला, साहम वाटा उचलला, काबल समोरासमोर भेटला. सगळे एकाच साच्यातले! काकांचा मुकाबला याच ‘काबल’चं नाम.

या साच्याचा अर्थच असा की समोर किंवा सोबत दुसरं कुणीतरी आहे. इंग्रजीला ‘कम अप अगेन्स्ट’, ‘कीप अप विथ’ असं शेपूट लावावं लागतं. मराठीत आपण ‘शी’ लावतो, ‘त्याच्याशी स्पर्धा केली’. अरबीत तो ‘शी’ क्रियापदाच्या पोटात जातो, त्या लांब ‘आ’मध्ये. म्हणून ‘नाफस’नंतर माणसाचं नाव थेट येतं, मध्ये काही लागत नाही. ‘नाफसहू’ म्हणजे त्याच्याशी स्पर्धा केली.

त्याच्या आधी ‘त’ लावला की दोन्ही बाजू सारख्या होतात. तनाफस: एकमेकांशी स्पर्धा केली. तसाबक: एकमेकांशी शर्यत लावली. ज्या गोष्टीसाठी झटापट चालली आहे तिच्याआधी ‘अला’ येतो, बक्षिसावर तनाफस, जागेवर तनाफस.

आणि ‘इन्’चा साचा स्वतःकडे वळलेला. इन्सहब स्वतःला ओढून घेतलं. इन्डम्म स्वतःला जोडून घेतलं. ‘डम्म’ म्हणजे कवेत घेणे, एकत्र आणणे. मकतबात ज्याला पेश म्हणतात त्या उकाराला अरबीत ‘डम्मा’ म्हणतात, कारण तो उच्चारताना ओठ जवळ येतात. हे तुमच्या मुलांना लगेच पटेल.

शब्दवेडा | मंगळवार, दुपारी १.३०

उत्तम प्रतिसाद. मला वाटतं मुलांना मराठीतूनच नेलं तर सोपं जाईल, कारण आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द ढिगाने आहेत. दाखल, खारीज, हजर, गैरहजर, सामील, मुकाबला. ‘स्पर्धेत सामील होणे’ला सरळ ‘शामिल’ का नको?

मीमनून | मंगळवार, दुपारी २.०५

@शब्दवेडा, तिथेच घसरायला होतं. ‘शामिल’ अरबीत आहे, पण त्याचा अर्थ सर्वसमावेशक. विम्याचं कागदपत्र शामिल असतं, अहवाल शामिल असतो. ‘मी शामिल आहे’ म्हटलं तर अरब माणूस बुचकळ्यात पडेल. तिथे ‘मुशारिक’ म्हणायला हवं, भाग घेणारा.

दाखल आणि खारीज मात्र उपयोगाचे आहेत. ‘दखल’ आत आला, ‘खरज मिन’ बाहेर गेला. संघ स्पर्धेबाहेर फेकला गेला की बातम्यांत ‘खरज मिनल बुतूला’ असंच म्हणतात. आणि हजरचं मूळ ‘हाडिर’. हा ‘ड’ म्हणजे ज़ाद हे अक्षर. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येताना त्याचा ज होतो. मुलं कुराण वाचताना हे अक्षर शिकलेली असतात, तेव्हा त्यांना अरबी उच्चार जड जाणार नाही.

शब्दवेडा | मंगळवार, दुपारी २.४०

मान्य. शामिलबद्दल माझी चूक होती, बरं झालं इथे विचारलं.

मग शर्यतीबद्दल एक सांगतो. अरबी ‘शर्त’ म्हणजे अट. आपल्याकडे शर्त, शरत, शर्यत ही रूपं अट, पैज आणि धावाधाव अशा तिन्ही अर्थांनी फिरली. अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. म्हणजे शर्यत पुन्हा सुरू झाली ती शर्तींवर. एकाच शब्दाची दोन रूपं एका निकालात भेटली.

हर्णैचा | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

पण तिकडे कुणाला ‘शर्त’ म्हटलं तर तो करारातली अटच समजेल. धावण्याची शर्यत म्हणजे ‘सिबाक’. उंटांची शर्यत ‘सिबाकुल हिज्न’. मी ओमानात पाहिलेली आहे. आता उंटावर पोरं बसवत नाहीत, छोटा यंत्रमानव बसवतात आणि मालक गाडीतून बाजूने धावत असतात. धूळ, हॉर्न, आरडाओरडा. डोळे मिटले तर आपल्या पुळणीवर बैलगाड्या सुटल्यासारखंच वाटतं.

चढाईपटू | मंगळवार, रात्री ११.००

रोह्याहून. मी कबड्डीचा माणूस, अरबीतलं काही येत नाही, पण फुटबॉल अरबी समालोचनासह ऐकतो, कारण त्या आवाजाला तोड नाही. २०२२ च्या विश्वचषकात सौदीने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं, त्या दिवशी काही शब्द कानात बसले ते अजून आहेत. जाणकारांनी उलगडावेत. ‘मुबारा’, ‘तअह्हल’, आणि एक ‘अमाम’ सारखं येत होतं.

आणि तनाफसचं मूळ काय? ‘नफस’ म्हणजे श्वास ना? तसं असेल तर हा शब्द कबड्डीचाच आहे. आमचा सगळा खेळ दमावर.

मीमनून | बुधवार, सकाळी ७.५०

@चढाईपटू, मूळ तेच, न-फ-स. नफस श्वास, नफ्स जीव, नफीस मौल्यवान. कोशकार स्पर्धेचा अर्थ बहुधा ‘नफीस’शी जोडतात: जी वस्तू दोघांनाही मोलाची वाटते तिच्यासाठी झटणे. कुराणात ८३ व्या सूरेच्या २६ व्या आयतीत हे क्रियापद चांगल्या अर्थाने आलं आहे, झटणाऱ्यांनी यासाठी झटावं, अशा आशयाने. पण तुम्ही म्हणता तो दम मला आवडला. वर्गात शब्द लक्षात ठेवायला तोच वापरा.

मुबारा म्हणजे सामना. हेही ‘फाअल’च्या साच्यातलंच नाम, ‘बारा’ म्हणजे बरोबरी करायला उतरला. तअह्हल इला म्हणजे पुढच्या फेरीसाठी पात्र ठरला, इंग्रजीत ‘गो थ्रू टू’. त्याच विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरीत गेला, तिथवर पोचलेला तो पहिला अरब आणि पहिला आफ्रिकी संघ. तेव्हा हे क्रियापद रोज मथळ्यात होतं.

‘अमाम’ म्हणजे समोर. ‘खसिर अमाम’: अमक्यासमोर हरला. आपण ‘त्याच्याकडून हरला’ म्हणतो, अरबी ‘त्याच्यासमोर’ म्हणते. जिंकताना उलट. ‘फाज़ अला’ म्हणजे संघावर मात केली, ‘फाज़ बि’ म्हणजे करंडक मिळवला. इथे शेपूट बदललं की अर्थ बदलतो. तेव्हा ताई, सगळीच शेपटं पोटात जात नाहीत, काही बाहेर राहतात आणि ती पाठच करावी लागतात.

आणखी दोन शब्द सहज: बदली खेळाडूला ‘बदील’, संघाला ‘फरीक’. आपला बदल आणि फरक याच घराण्यातले.

डबलबारीवाला | बुधवार, दुपारी १२.२०

कणकवलीसून. ह्यां सगळां वाचून बरां वाटलां.

तो ‘त’ लावल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात हे वाचलं आणि मला आमची भजनाची डबलबारी दिसली. दोन बुवा, दोन मंडळं, एक मांडव. पहिल्या बुवांनी गजरात प्रश्न टाकला की दुसऱ्यांनी आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं आणि वर आपला प्रश्न ठेवायचा. रात्र सरते पण कुणी उठत नाही. रत्नागिरीकडे जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष असंच करतात. ही साधी स्पर्धा नाही, एकमेकांवाचून ती होतच नाही. याला तनाफस म्हणता येईल का? अरबांकडे असं काही आहे का?

मीमनून | बुधवार, दुपारी ३.३५

आहे, आणि फार थोर आहे. उमय्या खलिफांच्या काळात जरीर आणि फरज़दक हे दोन कवी वर्षानुवर्षं एकमेकांना कवितेतून उत्तरं देत होते. दोघेही इ. स. ७२८ च्या सुमारास वारले. एकाने ज्या वृत्तात आणि ज्या यमकात टीका केली त्याच वृत्तात, त्याच यमकात दुसऱ्याने ती उलटवायची. या प्रकाराला ‘नकाइड’ म्हणतात. तुमच्या बुवांना चाल सोडून उत्तर देता येत नाही, तसंच.

क्रियापद म्हणून तनाफस चालेल, ‘तबारा’ त्याहून नेमकं. एकमेकांच्या बरोबरीला उतरले.

खाडीपलीकडे | बुधवार, रात्री १०.१५

किती दिलंत सगळ्यांनी! कालपासून कोश उघडून बसले आहे. मला दोन गोष्टी सापडल्या, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, ‘गो इन फॉर’. निवडणूक लढवणे, सामना खेळणे, लढाईत उतरणे यासाठी अरबीत ‘खाड’ वापरतात, शेवटचा ड ज़ादचा. ‘खाडल इन्तिखाबात’ म्हणजे निवडणुकीत उतरला. मूळ अर्थ पाण्यात शिरून चालणे. आपल्या खाडीशी त्याचं नातं नाही, तो योगायोग. पण आपणही निवडणुकीत ‘उतरतो’च, रिंगणात उतरतो. भरती ओसरल्यावर गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाणारी माणसं मी रोज बघते, तेव्हा हा शब्द मला कुणी समजावायची गरज पडली नाही. याला अव्यय लागत नाही. ‘फी’ लावलं तर अर्थ बदलतो, एखाद्या विषयाच्या बोलण्यात शिरणे असा होतो.

दुसरी, ‘ड्रॉप आउट’. स्पर्धेतून असेल तर इन्सहब. पण शाळेतून असेल तर ‘तसर्रब मिन’. तसर्रब म्हणजे पाणी पाझरणे, गळणे. सरकारी अरबीत ‘तसर्रुब मदरसी’ म्हणतात. आणि आपल्या सरकारी मराठीत काय म्हणतात? शाळेतली गळती! दोन्ही भाषांनी पाण्याचीच प्रतिमा घेतली. ‘सकत खारिज’ लिहिणारा मुलगा याच वर्गात आहे. त्याला ‘पडला’ नाही, ‘गळला’ म्हण, एवढंच सांगायचं आहे.

‘कीप अप विथ’साठी वाकब आणि जारा दोन्ही मिळाले. फरक कसा सांगू?

मीमनून | बुधवार, रात्री १०.५०

‘मौकिब’ म्हणजे मिरवणूक, वाकबचं मूळ तेच. काळाच्या, तंत्रज्ञानाच्या बरोबरीने चालणे हे वाकब. शिमग्याच्या पालखीबरोबर चालताना कुणाला हरवायचं नसतं, फक्त मागे पडायचं नसतं. प्रतिस्पर्ध्याबरोबर धावताना मात्र जारा. ज्याची बरोबरी कुणी करू शकत नाही त्याला ‘ला युजारा’ म्हणतात.

हर्णैचा | गुरुवार, सकाळी ९.३०

एक वेगळं मत मांडतो, मीमनूनने राग मानू नये. वज़न चांगलं आहे, पण आम्ही कुणी वज़न शिकून बोललो नाही. गोदामात, स्वयंपाकघरात माणूस अख्खं वाक्य उचलतो. माझ्याबरोबर केरळचे, बांगलादेशचे लोक होते, साच्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं अडलं नाही. सात मुलांना तीन महिन्यांत जायचं आहे. त्यांना दहा वाक्यं द्या आणि ती शंभर वेळा बोलायला लावा. ‘फी’ का, ‘मिन’ का, हे जिभेला कळतं, मग डोक्याला.

मीमनून | गुरुवार, सकाळी ११.१०

काका, राग कसला. बोलण्यासाठी तुमचंच खरं. पण ताईंची मुलं वाचणारी आहेत. करार वाचतील, सूचना वाचतील. तिथे कान पुरत नाही. ‘रग़िब फी’ म्हणजे इच्छा धरली, ‘रग़िब अन’ म्हणजे तोंड फिरवलं. क्रियापद एकच, मागचं अव्यय बदललं की होकाराचा नकार. ‘इन्कतअ’चंही तसंच: ‘इन्कतअ अन’ एखाद्या गोष्टीपासून तुटला, ‘इन्कतअ इला’ तिला पूर्ण वाहून घेतलं. कागदावर सही करणाऱ्याला हा फरक डोळ्याने दिसलाच पाहिजे.

हर्णैचा | गुरुवार, सकाळी ११.४०

हे रग़िबचं मला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांत कधी लक्षात आलं नाही. सहीचं तू म्हणतेस ते खरं आहे. माझ्याच एका नातेवाइकाने न वाचता सही केली होती आणि दोन वर्षं त्याला घरी येता आलं नाही. दोन्ही शिकवा, ताई.

खाडीपलीकडे | शनिवार, रात्री ८.३०

काल वर्ग झाला. फळ्यावर आधी नुसतं ‘फाअल’ लिहिलं आणि लांब ‘आ’खाली रेघ ओढली. मुलांकडून शारक, नाफस, साबक, वाजह म्हणवून घेतलं. वाजहचं मूळ ‘वज्ह’, चेहरा, हे कळल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे तोंड देणे!’ मी पुढचं काही समजावलं नाही, तेवढ्यावर त्यांचं त्यांनीच जुळवलं. मग काकांच्या सांगण्यावरून दहा वाक्यं तोंडपाठ. फेरीबोटीपर्यंत ती म्हणत गेली, जेट्टीवरची माणसं वळून बघत होती.

शेवटी प्रत्येकाने स्वतःबद्दल एक वाक्य लिहायचं होतं. एक मुलगी आहे, बारावीला आईच्या आजारपणात कॉलेज सुटलं, आता पुन्हा नाव घातलंय. तिने लिहिलं ते मराठी अक्षरांत देते: ‘इन्कतअतु अनिद् दिरासा, सुम्म इन्डमम्तु इलल कुल्लिय्या.’ शिक्षणापासून तुटले, मग कॉलेजला जाऊन मिळाले. इन्डम्मचं ‘मी’चं रूप तिने स्वतः शोधून काढलं. बरोबर आहे का?

मीमनून | शनिवार, रात्री ९.००

रूप अगदी बरोबर, आणि ते सोपं नाही, दोन म सुटे करावे लागतात. फक्त शब्द बदला. इन्डम्म संघासाठी, गटासाठी. कॉलेजात, नोकरीत, सैन्यात दाखल व्हायला ‘इल्तहक बि’. मूळ लहिक, म्हणजे मागून येऊन गाठणे. तेव्हा: ‘सुम्म इल्तहक्तु बिल कुल्लिय्या.’

हर्णैचा | शनिवार, रात्री ९.२०

आणि तिला सांगा, मुकाबल्यात ‘मध्ये खंड का पडला’ असं विचारतील तेव्हा हेच वाक्य म्हण. दोन्ही अर्धी म्हण, पहिल्यावर थांबू नकोस.